गाडी चालू होत नाही? आधी ऐका, मग पाना उचला



मागच्या वेळी आपण घरातील पंखा आणि मिक्सर यांच्या दुखण्याविषयी बोललो. यावेळी घराबाहेर येऊ. आपल्या वस्तीत पूर्वी सायकल हेच वाहन होते. आता एखाद्याच्या दारात जुनी, दुसऱ्या हाताची का होईना, चारचाकी उभी दिसते. कुणी ती भाड्याने चालवतो, कुणी तिच्यातून भाजी नेतो, कुणी शाळेची पोरे सोडतो. अशा घरात गाडी ही हौस नसते, ती रोजी असते. ती सकाळी चालू झाली नाही तर त्या दिवशीची चूल अडते. म्हणून हा लेख कुटुंबातील सर्वांसाठी आहे, फक्त गाडी चालवणाऱ्यासाठी नाही.

जानेवारीतली गोष्ट. लाखनीत त्या आठवड्यात कडाक्याची थंडी होती. पहाटे साडेपाचच्या सुमारास दार वाजले. गल्लीतला गाडीवाला शेजारी मफलर गुंडाळून उभा.

"भाऊ, गाडी चालूच नाही होऊन रायली. बाईले सात वाजता भंडाऱ्याले पोचवाचं हाय."

बाई म्हणजे आमच्याच वस्तीतली एक माउली. तिच्या मूत्रपिंडांनी काम सोडले आहे. आठवड्यातून दोनदा भंडाऱ्याला जाऊन यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावे लागते. त्या यंत्राची पाळी ठरलेली असते. पाळी चुकली तर अंगात पाणी आणि विष साचते, धाप लागते, जिवावरही बेतते. ती माउली शाल पांघरून ओट्यावर बसली होती. तिचा मुलगा पुन्हा पुन्हा घड्याळ पाहत होता.

गाडीभोवती चार माणसे जमली होती. एक म्हणाला, धक्का मारू. पण पुढे भिंत आणि मागे नाली, धक्का मारणार कुठे? दुसरा म्हणाला, लिंबू-मिरची बांधली नाही म्हणून नजर लागली. मी म्हटले, बाबा रे, गाडीला नजर लागत नाही, गाडीची बॅटरी उतरते. शेजारी मात्र वेगळ्याच काळजीत होता. दोनच दिवसांपूर्वी एका मिस्त्रीने गाडी पाहून सांगितले होते, "सेल्फ आणि बॅटरी दोन्ही गेले, साडेआठ हजार लागतील." तो बचत गटातून कर्ज काढायच्या विचारात होता.

मी त्याला सांगितले, "आता सेल्फ मारू नको. मी सांगीन तेव्हा एकदाच मार. बाकीच्यांनी गप्प राहा आणि ऐका."

त्याने चावी फिरवली. समोरचे दिवे आधी चांगले प्रखर होते. सेल्फ मारताच ते एकदम मंदावले आणि बोनेटखालून टक-टक-टक आवाज आला. चावी सोडताच दिवे पुन्हा प्रखर. त्याची अकरावीतली मुलगी मोबाईलचा उजेड धरून उभी होती. तिचा हात बॅटरीच्या चिमट्याला लागला आणि तिने तो झटकन मागे घेतला.

"काकाजी, हे चिमटं गरम हाय. चटका बसून रायला."

मी म्हटले, "पोरी, तूच रोग धरलास."

चिमटा गरम का झाला?

हे समजून घेतले की अर्धी मिस्त्रीगिरी आली. छोट्या गाडीच्या सेल्फला इंजिन फिरवण्यासाठी शंभर-दीडशे अँपिअर करंट लागतो. समोरच्या दोन दिव्यांना मिळून जेमतेम दहा अँपिअर पुरतो. बॅटरीचा खांब आणि वायरचा चिमटा यांच्यामध्ये पांढरा-हिरवा बुरा साचला की करंटची वाट अरुंद होते. दिव्यांचा थोडासा करंट त्या अरुंद वाटेतून सहज जातो, म्हणून दिवे छान लागतात. सेल्फचा मोठा करंट मात्र तिथे अडतो. बाराच्या बॅटरीतले तीन व्होल्ट जरी त्या बुऱ्यात अडले, तरी दीडशे गुणिले तीन म्हणजे साडेचारशे वॅटची उष्णता त्या एवढ्याशा जागी तयार होते. शंभर वॅटचे चार-पाच जुने बल्ब एका चिमट्यात पेटवल्यासारखे समजा. मग चटका बसणारच.

बॅटरी खरोखर उतरली असती तरी टक-टक झालेच असते. पण तेव्हा दिवे आधीपासूनच पिवळट असतात, हॉर्नचा आवाज बसलेला असतो आणि चिमटा सहसा तापत नाही. दोन्ही रोगांची खोकली सारखी, औषध वेगळे. एकाला सोडा-पाणी पुरते, दुसऱ्याला हजारो रुपये लागतात.

आम्ही चावी काढली. दहा नंबरच्या पान्याने आधी वजा खुणेचा म्हणजे काळ्या वायरचा चिमटा सैल केला, मग अधिक खुणेचा लाल. हा क्रम कधी चुकवू नये. लाल आधी सोडताना पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तर मोठी ठिणगी उडते. काळा आधी सुटलेला असला तर तो धोका राहत नाही. गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा टाकून चिमटे आणि खांब धुतले. फेस आला, बुरा सुटला. ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ दिले नाही. कोरड्या फडक्याने पुसले, सँडपेपरने धातू चकाकेपर्यंत घासला, मग आधी लाल आणि शेवटी काळा असे घट्ट बसवले. वरून व्हॅसलिनचा पातळ हात दिला.

पहिल्याच सेल्फला गाडी चालू झाली. सहा वाजून दहा मिनिटे झाली होती. माउली थोडी उशिरा पोहोचली, पण पाळी मिळाली. संध्याकाळी ती घरी परत आली, हे सर्वांत महत्त्वाचे.

चार आवाज ओळखा

गाडी चालू होत नाही म्हणजे एकच रोग नाही. आधी गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी, हँडब्रेक ओढावा, क्लच पूर्ण दाबावा. काही नव्या गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही, आणि ऑटोमॅटिक गाडी पी किंवा एन वर नसेल तर चालू होत नाही. मग एकदाच चावी फिरवून ऐकावे.

पहिला प्रकार: काहीच आवाज नाही, दिवेही नाहीत. बॅटरी पूर्ण उतरली आहे, चिमटा सुटला आहे किंवा मुख्य फ्यूज गेला आहे. चिमटा हाताने हलवून पाहावा. तो हातानेच फिरत असेल तर रोग तिथेच आहे.

दुसरा प्रकार: टक-टक-टक, दिवे मंद. बॅटरी अशक्त किंवा चिमट्यात बुरा. आमच्या गल्लीतला हाच.

तिसरा प्रकार: एकच जोराचा 'टक', मग शांतता, आणि दिवे प्रखरच राहतात. येथे बॅटरीकडून करंट येतो, पण सेल्फ फिरत नाही. सेल्फचे कार्बन झिजलेले असू शकतात किंवा त्याचा सोलेनॉइड अडकला असेल. पान्याच्या दांड्याने सेल्फच्या अंगावर हलकेच ठोकले तर कधीकधी एकदा चालू होतो. तेवढ्यावर गाडी थेट गॅरेजात न्यावी. तो बरा झालेला नसतो.

चौथा प्रकार: सेल्फ जोरात फिरतो, घर्र-घर्र होते, पण इंजिन पकडत नाही. येथे बॅटरीला दोष देऊ नये. इंजिनाला इंधन किंवा ठिणगी मिळत नाही. आधी पेट्रोल आहे का पाहावे. काटा बिघडलेला असतो आणि टाकी कोरडी असते, असे अनेकदा घडते. नव्या गाड्यांत चावी चालू केल्यावर मागच्या टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाचा बारीक 'ऊंऽऽ' आवाज येतो. तो आलाच नाही तर पंपाचा फ्यूज किंवा रिले तपासावा. काट्याजवळ चावीचे किंवा कुलपाचे चित्र लुकलुकत राहिले तर गाडीने चावी ओळखलेली नाही. दुसरी चावी लावून पाहावी. डिझेल गाडीत टाकी कोरडी पडून गेली असेल तर लाईनने हवा पकडलेली असते, हातपंपाने ती हवा काढावी लागते. डिझेल तोंडाने ओढू नये. ते फुप्फुसात गेले तर माणूस दवाखान्यात जातो.

आपल्या भागात आणखी एक कारण आहे. धानाची कापणी झाली की शेतातले उंदीर उबेसाठी बोनेटखाली शिरतात आणि वायरी कुरतडतात. काल चालणारी गाडी आज अचानक मुकी झाली तर उजेड धरून वायरी पाहाव्यात.

जे करू नये

सेल्फ सलग दाबून धरू नये. पाच ते दहा सेकंद, मग अर्धा-एक मिनिट विश्रांती. नाहीतर सेल्फ जळतो आणि उरलीसुरली बॅटरीही संपते.

हवेच्या तोंडात किंवा कार्बोरेटरात बाटलीने पेट्रोल ओतून सेल्फ मारण्याची रस्त्यावर रीत आहे. तिने चेहरे भाजले आहेत. ती करू नये. गॅसवर चालणाऱ्या गाडीत गॅसचा वास आला तर सेल्फ मारूच नये. दारे उघडावीत, वाल्व बंद करावा, माणसे दूर करावीत.

बॅटरीजवळ बिडी-काडी नको. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो पेट घेतो. हातातली धातूची बांगडी, अंगठी, कडे आधी काढावे. ते दोन खांबांना टेकले तर लाल होऊन कातडी जाळते. बॅटरीत आम्ल असते. डोळ्यांत उडाले तर चोळू नये, स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावे आणि डॉक्टर गाठावा.

पाण्यात बुडालेली गाडी चालू करून पाहू नये. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, भंडारा शहरातल्या वस्त्यांत पाणी शिरले, हे आपल्याला विसरता येणार नाही. अशा वेळी पाणी ओसरले की माणूस आधी चावी फिरवतो, आणि तिथेच घात होतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले तर आतली कनेक्टिंग रॉड वाकते. पाण्याने न बिघडलेले इंजिन चावीने बिघडते. बॅटरीची काळी वायर सोडून गाडी ओढत गॅरेजात न्यावी.

दुसऱ्या गाडीची मदत

जंपर केबल घरात असावी. लावण्याचा क्रम असा: लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिक खांबाला, दुसरा लाल चांगल्या बॅटरीच्या अधिक खांबाला. मग काळा चांगल्या बॅटरीच्या वजा खांबाला. शेवटचा काळा उतरलेल्या बॅटरीला न लावता, त्या गाडीच्या इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावा. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, ती वायूजवळ उडू नये म्हणून. चांगली गाडी काही मिनिटे चालू ठेवून मग दुसरी चालू करावी. काढताना हाच क्रम उलटा.

धक्का मारायचा तर चावी चालू ठेवावी, स्टिअरिंगचे कुलूप उघडे आहे याची खात्री करावी, दुसरा गिअर टाकून क्लच दाबून ठेवावा आणि गाडीने वेग घेतला की क्लच सोडावा. इंजिन बंद असताना ब्रेक जड लागतो, म्हणून उतारावर आणि गर्दीत हा प्रयोग नको. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने चालू होत नाही.

आणि महामार्गावर गाडी बंद पडली तर? आपल्या लाखनीवरून जाणारा मुंबई-कोलकाता रस्ता, जुना सहा क्रमांकाचा, आता त्रेपन्न क्रमांकाचा, रात्रंदिवस ट्रकांनी भरलेला असतो. गाडी डाव्या कडेला घ्यावी, चारही इंडिकेटर लावावेत, लाल त्रिकोण बराच मागे ठेवावा, आणि बायकापोरांना गाडीत बसवून न ठेवता रस्त्यापासून दूर उभे करावे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते.

बॅटरी कधी मरते?

पूर्वी गाडीला पुढून झेड आकाराचे हँडल घालून फिरवत. ते उलट फिरले तर मनगट मोडत असे. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा सेल्फ बसला आणि हळूहळू हँडल गेले. तेव्हापासून गाडीचा जीव बॅटरीत आहे.

थंडीत बॅटरीची ताकद कमी होते आणि इंजिनातले तेल घट्ट होते, म्हणून गाड्या हिवाळ्याच्या पहाटे अडतात. पण खरा मारेकरी उन्हाळा. उष्णतेने बॅटरीतले पाणी उडते आणि आतल्या प्लेटा लवकर गंजतात. आपल्या विदर्भाचा उन्हाळा बॅटरी मारतो, हिवाळा फक्त ती मेल्याचे जाहीर करतो. म्हणून झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर उन्हाळ्यात दर महिन्याला पाणी पाहावे. त्यात डिस्टिल्ड वॉटरच घालावे. नळाचे, विहिरीचे किंवा घरच्या फिल्टरचे पाणी चालत नाही, त्यात क्षार असतात.

विसरलेले दिवे हे दुसरे कारण. छोट्या गाडीची बॅटरी साधारण पस्तीस अँपिअर-तासांची असते. समोरचे दिवे दहा अँपिअर खातात. म्हणजे साडेतीन तासांत ती रिकामी.

काही शे रुपयांना मिळणारा मल्टिमीटर घरात असला तर फसवणूक टळते. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा यायला हवेत. न आल्यास बॅटरी चांगली असून अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा खराब आहे. नवी बॅटरी टाकली तरी तीही उतरेल. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी थकली आहे. आणि मीटरची एक तार खांबावर, दुसरी त्याच खांबाच्या चिमट्यावर ठेवून सेल्फ मारला, आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर दोष चिमट्याचा.

आता त्या मिस्त्रीविषयी. तो लबाडच होता असे मी म्हणणार नाही. कदाचित त्याने घाईत न तपासता सांगितले. पण साडेआठ हजार रुपये हे आपल्या घरात एका माणसाच्या महिन्याच्या कमाईएवढे असू शकतात. तेवढे देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. तुम्ही काय तपासले? आकडा किती आला? जुना सुटा भाग मला दाखवाल का? चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही.

तीन महिन्यांनी त्याच गाडीने पुन्हा त्रास दिला. यावेळी मुलीने मीटर लावला. रात्रभर उभ्या गाडीचा आकडा ११.८. चिमटे स्वच्छ, अल्टरनेटर ठीक, भरून आणली तरी दुसऱ्या दिवशी तेच. बॅटरी चार वर्षांची झाली होती. तिने बापाला सांगितले, "बाबा, आता मात्र नवीन घेवाच लागते." त्याने घेतली, पण फक्त बॅटरी. सेल्फ अजून जुनाच आहे आणि चालतो आहे. जुनी बॅटरी दुकानात परत देऊन किमतीत सूट मिळाली. जुनी बॅटरी घरात फोडू नये, मुलांच्या हाती देऊ नये. तिच्यातले शिसे लहान मुलांच्या मेंदूला इजा करते.

त्या मुलीने गाडीच्या कप्प्यात एक वही ठेवली आहे. त्यात तारीख, व्होल्टचा आकडा आणि पाणी घातल्याची नोंद असते. आता गल्लीतले दुसरे गाडीवालेही तिच्याकडे मीटर मागायला येतात. ती मीटर देत नाही, स्वतः येऊन तपासते.

तेव्हा बंधू-भगिनींनो, येत्या रविवारी एवढे करा. बोनेट उघडा, घरातल्या मुला-मुलींना जवळ बोलवा आणि बॅटरीचे दोन्ही चिमटे पाहा. पांढरा बुरा दिसला तर सोडा-पाणी तयार ठेवा. पहाटे साडेपाचला कुणाची पाळी असेल, हे आधी सांगता येत नाही.

पुढील वेळी दुचाकीविषयी: किक मारून पाय दुखला तरी ती चालू का होत नाही?